आरसी गाडीला आधी काय बदलायचं: शॉक, आर्म की चेसिस

आमच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या, ग्रूपवर नवीन गाडी घेतलेल्या पोरांचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, दादा ॲल्युमिनियमचे आर्म टाकू का, आणि खाली निळ्या चकचकीत पार्टचा फोटो. (आर्म म्हणजे चाकाला चेसिसशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा हात.) प्रश्न अगदी बरोबर आहे, पोराला गाडीचं वेड लागलंय, पैसे साठवून तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतंय, पण याचं उत्तर दोन ओळीत देता येत नाही. म्हणून एकदा निवांत बसून सगळं लिहून काढतोय.

मी लिहितोय ते १/१० स्केलच्या टू व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स (ऑफरोड रेसच्या) ट्रकबद्दल, म्हणजे ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश, कारण मी तीच चालवतो. तुमच्याकडे डब्ल्यूएलटॉईजची १४४००१ किंवा १२४०१९ मॉडेल असेल तरी बहुतेक सगळं लागू होतं, फक्त त्यांची चेसिस प्लेट कंपनीतूनच मेटलची येते त्यामुळे तिथे चेसिसवर वेगळा खर्च करायची फारशी गरज पडत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ऑफरोड गाडी उडणार, आपटणार, आणि तिच्यात काहीतरी तुटणारच. कुठलाही पार्ट घेतला तरी तो फटका नाहीसा करत नाही, फक्त पुढच्या पार्टकडे ढकलतो. तर तुटायचंच असेल तर काय तुटावं हे आपण ठरवायचं, आणि जे तुटेल ते स्वस्त असावं, मुंबईत मिळावं आणि मैदानावर बसून दोन स्क्रू काढून बदलता यावं. घरातला फ्यूज असतो ना, तसं. अपग्रेड निवडताना मी बाकी सगळं याच्या नंतर बघतो.

एका सकाळी शिवाजी पार्कात एका कॉलेजच्या पोराची स्लॅश बघितली. चारही आर्म ॲल्युमिनियमचे, गाडी दिसायला खरंच देखणी. फुल थ्रॉटलमधे वळण थोडं लांबलं आणि पुढचं उजवं चाक कट्ट्याच्या दगडावर बसलं. उचलून बघितलं तर आर्मवर एक बारीक ओरखडा, बास. पण आर्म ज्याला बसतो तो पुढचा बल्कहेड (नाकातला ठोकळा), आर्म जिच्यावर फिरतो त्या हिंज पिनच्या भोकापासून वरपर्यंत उभा चिरलेला, आणि पिन वाकून आतच अडकलेली.

“दादा, आर्मला तर काहीच झालं नाही, मग हे कसं फुटलं?”

“आर्मला काही झालं नाही म्हणूनच फुटलं रे. तो थोडा वाकला असता तर पुढे एवढा फटका गेलाच नसता.”

प्लास्टिकचा आर्म तुटला असता तर एक पिन आणि शॉकचा एक स्क्रू, बसल्या जागी काम झालं असतं. बल्कहेड बदलायचा म्हणजे पुढचं सगळं खोलायचं, दोन्हीकडचे शॉक, आर्म, शॉक टॉवर (शॉकचं वरचं टोक बसतं ती पट्टी), बंपर, अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून आर्म नायलॉनचेच ठेवा, आणि कंपनीचे फार तुटत असतील तर आरपीएम कंपनीचे घ्या, ते जाड नायलॉनचे असतात, वाकतात आणि परत जागेवर येतात. शिवाय ॲल्युमिनियमचा आर्म जड असतो, आणि तो स्प्रिंगच्या खालच्या बाजूचं वजन वाढवतो. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन जितकं जास्त तितकं चाक खड्ड्यामागून खड्डा घेताना जमिनीला चिकटून राहात नाही. म्हणजे पैसे जास्त देऊन ग्रिप कमी करून घेतली.

नायलॉनचं अजून एक, पाकिटातून काढलेला नवा नायलॉन पार्ट कोरडा असतो आणि कोरडा नायलॉन कडक, पटकन तडकणारा. तो पाणी शोषतो आणि शोषलं की चिवट होतो. म्हणून बरेच जण नवे आर्म अर्धा तास पाण्यात उकळून घेतात, मी पण घेतो, त्यासाठी एक जुनं पातेलं वेगळंच ठेवलंय. आपल्या मुंबईच्या दमट हवेत हे काम हळूहळू आपोआप पण होतं, पण नवा आर्म लावून त्याच दिवशी उडी मारणार असाल तर उकळाच.

आता शॉक. माझं ठाम मत आहे की पहिला रुपया शॉकवर जावा, आणि त्यातही पहिला रुपया नव्या शॉकवर नाही तर ऑइलच्या बाटल्यांवर. इतिहासात बघा, १९८४ साली टीम असोसिएटेड कंपनीची आरसी१० ही गाडी आली, सोनेरी ॲनोडाइज केलेली ॲल्युमिनियमची टब (परातीसारख्या उभ्या कडांची) चेसिस आणि चारही बाजूंना ऑइल भरलेले शॉक. त्याच वर्षी तामियाची ग्रासहॉपर आली, प्लास्टिकची चेसिस आणि नुसत्या कोरड्या स्प्रिंग. ग्रासहॉपर गोड गाडी आहे, माझं तिच्यावर प्रेम आहे, पण ती खडबडीत जागी बेडकासारखीच उड्या मारत जाते कारण स्प्रिंगने साठवलेली ताकद जिरवायला तिथे काहीच नाही. जिरवायचं काम ऑइल करतं. स्प्रिंग फक्त गाडी तोलून धरते.

शॉकच्या आत काय असतं तर एक दांडी, तिच्या टोकाला भोकं पाडलेला पिस्टन, आणि सभोवती सिलिकॉन ऑइल. पिस्टन हलतो तेव्हा ऑइलला त्या भोकांतून जावं लागतं आणि तिथे विरोध तयार होतो. आता गंमत अशी की जाड ऑइल आणि मोठी भोकं, किंवा पातळ ऑइल आणि बारीक भोकं, दोन्ही जोड्या हाताने दाबून बघितल्या तर सारख्याच वाटू शकतात. पण उडीवरून पडताना पिस्टन एकदम जोरात हलतो, तेव्हा बारीक भोकांतून ऑइल तेवढ्या वेगाने जाऊच शकत नाही आणि शॉक जवळजवळ गच्च होतो. याला पॅक म्हणतात. मोठ्या उड्या मारणाऱ्याला थोडा पॅक हवाच, नाहीतर चेसिस जमिनीवर थाडकन आपटते. पण बारीक खडी, सुकलेल्या चिखलातले पायांचे ठसे, असल्या ठिकाणी पॅक नकोच, गाडी थरथरत वरच्यावर उडत राहते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून ऑइल बदलायच्या आधी आपण कुठे चालवतो ते स्वतःला विचारा. पिस्टनचे सेट मिळतात वेगवेगळ्या भोकांचे, ते अगदी स्वस्त असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

ऑइलचं वेट, म्हणजे जाडीचा नंबर, हे कंपनी कंपनीत सारखं नसतं, त्यामुळे बाटलीवरचा सीएसटीचा (जाडी मोजायच्या एककाचा) आकडा बघायची सवय लावा. असोसिएटेडच्या ३० वेटवर ३५० सीएसटी लिहिलेलं असतं, ४० वेटवर ५००. मी थंडीत ३० च्या आसपास असतो आणि एप्रिल मे मधे मागे ३५ पुढे ३५ नाहीतर ४०, कारण ऑइल तापलं की पातळ होतं आणि भर उन्हात तापलेल्या मैदानावर गाडी तासभर पळाली की शॉक हाताला गरम लागतो. सिलिकॉन ऑइल साध्या ऑइलपेक्षा कमी बदलतं हे खरं, पण बदलतं.

शॉक भरायचा कसा हे मात्र नीट सांगतो कारण इथेच बहुतेकांची गाडी बिघडते. दांडी पूर्ण खाली ओढायची, शॉक उभा धरायचा, ऑइल काठाच्या जरा खालपर्यंत भरायचं आणि मग दांडी अगदी सावकाश वरखाली करायची. पिस्टनखालून बारीक बारीक बुडबुडे मोत्यासारखे वर यायला लागतात, घाई केली तर उलट नवीन बुडबुडे तयार होतात. मग शॉक तसाच उभा ठेवून द्यायचा, चहा करा, फोन बघा, दहापंधरा मिनिटांनी वरचा फेस गेलेला असतो आणि ऑइल काचेसारखं स्वच्छ दिसतं. मग काठोकाठ भरायचं, दांडी साधारण अर्धी आत ढकलून टोपण लावायचं, जास्तीचं ऑइल बाहेर येतं ते पुसायचं. लावून झालं की दांडी दाबून सोडा, ती किती बाहेर येते बघा, आणि डावा उजवा दोन्ही शॉक शेजारी धरून ती सारखी येतेय का बघा. एक अर्धा बाहेर येतोय आणि दुसरा पूर्ण, तर परत खोला. कंटाळा येतो पण करा, कारण डावं उजवं सारखं नसेल तर गाडी एका बाजूला वळताना वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागते आणि माणूस उगाच सर्व्होला (स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटरला) दोष देत बसतो.

पुसायला पेट्रोल, रॉकेल, गंज काढायचा स्प्रे वगैरे वापरू नका, सिलिकॉनच्या ओ-रिंग (दांडीभोवतीचे गोल सील) त्याने फुगतात आणि मग दांडी अडकते.

स्लॅशच्या मूळ शॉकची बॉडी प्लास्टिकची आणि टोपणंही प्लास्टिकची, आणि जोरात पडल्यावर टोपण आटे सोडून उडतं, सगळं ऑइल मातीत. ॲल्युमिनियम घ्यायची फार हौस असेल तर इथे घ्या, शॉकची टोपणं. छोटा पार्ट, वजन नगण्य, आणि रोजचा त्रास जातो. नंतर पैसे जमले की पूर्ण ॲल्युमिनियम बॉडीचे बिग बोअर (रुंद नळीचे) शॉक, त्यात ऑइल जास्त मावतं त्यामुळे तापायला वेळ लागतो आणि वागणं शेवटच्या बॅटरीपर्यंत तसंच राहतं. स्टिअरिंगचा बेलक्रँक (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणारा जोड) पण ॲल्युमिनियमचा चालतो, तिथे सरळ फटका बसत नाही आणि ढिलेपणा जातो.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज खूप पसरलाय. शॉकवरच्या क्लिपा वाढवल्या किंवा रिंग खाली फिरवली की स्प्रिंग कडक झाली असं नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेढ्यांत आहे, तो तसाच राहतो. प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग अशी आधीच दाबून ठेवल्याने, फक्त गाडीची उंची वाढते. गाडी उडीवर तळाला लागतेय म्हणून क्लिपा भरत गेलात तर शॉक आधीच पूर्ण लांबलेला राहतो आणि चाकाला खड्ड्यात खाली जायला जागाच उरत नाही, ज्याला ड्रूप म्हणतात तो संपतो. गाडी उंचावरून पडताना तळाला लागत असेल तर स्प्रिंग बदला किंवा ऑइल पिस्टन बघा. उंची लावताना बॅटरी आत घालून, चारदोन इंच वरून गाडी खाली सोडून, ती जिथे बसते तिथे बघायचं. साधी खूण म्हणजे मागचे ड्राइव्हशाफ्ट (चाकांना फिरवणाऱ्या दांड्या) जमिनीला समांतर. खडकाळ जागी जरा वर, सपाट कडक मैदानावर जरा खाली.

शॉक टॉवरवर आणि आर्मवर जी दोनतीन भोकं दिलेली असतात ती पण वापरा, फुकट आहेत. शॉक वरून आत झुकवला की सुरुवातीला मऊ आणि पुढे हळूहळू कडक होत जातो, उभा केला की पहिल्यापासून कडक. खालचं टोक आर्मवर बाहेर नेलं की शॉकला जोर जास्त मिळतो, गाडी कडक वाटते. हे सगळं करून झाल्यावर फूटभर उंचीवरून गाडी सपाट खाली टाकून बघा. ती एकदा खाली बसून आपल्या उंचीला येऊन थांबली पाहिजे. चेंडूसारखी परत उसळली तर ऑइल पातळ, आणि बसली ती वर यायला आळस करत असेल तर जाड.

टायरला पण सस्पेन्शनच समजा. आतला फोम कुजून चपटा झाला असेल तर वरचे कितीही महागडे शॉक काही करू शकत नाहीत, आणि पावसात आत शिरलेलं पाणी फोममधेच बसून राहतं, त्यामुळे गाडी दोन चाकांवर लंगडते. जाऊ दे, टायरवर वेगळं लिहायला लागेल.

चेसिस. स्लॅशच्या साध्या चेसिसमधे बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स बरंच वर बसतं, त्यामुळे मोकळ्या मातीत मजा येते, मागचं चाक घसरतं, गाडी झुलते, पण ग्रिप मिळाली की पलटी. सोसायटीच्या कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक, किंवा शिवाजी पार्कातली रोलर फिरवून दाबलेली तांबडी माती, इथे वळणावर बाहेरची चाकं जमिनीला धरून ठेवतात आणि वरचं वजन पुढे जात राहतं. यावर उपाय म्हणजे लो सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य खाली असलेली, चेसिस, बॅटरी आणि बाकीचा पसारा खाली येतो. फरक पहिल्याच वळणावर कळतो, खरंच. पण ती घेताना नुसती चेसिस घेऊन भागत नाही, बॅटरीची पट्टी, रिसीव्हरचा डबा वगैरे तिला जुळणारं लागतं, म्हणून किट घ्यावं. आणि घ्यायच्या आधी महिनाभर स्वतःच्या पलट्यांकडे लक्ष द्या. सपाटीवर, नुसत्या वळणात पलटी होत असेल तर लो सीजीने फायदा आहे. उंचवट्यावर किंवा उडीवरून वाकडी पडून पलटी होत असेल तर चेसिसचा त्यात संबंध कमी, शॉककडे परत जा.

मटेरियलचं म्हणाल तर प्लास्टिकची टब पिळते आणि परत सरळ होते. ॲल्युमिनियमची प्लेट पिळत नाही पण एकदा वाकली की वाकलेलीच राहते, घ्यायचीच असेल तर ७०७५ ग्रेडची बघा, ६०६१ इतकी ती सहज वाकून बसत नाही. कार्बन फायबर हलकी आणि ताठ, रेसिंग ट्रॅकवर छान, पण आपल्याकडे दगडधोंड्यांत कडेवर मार बसला की थर सुटायला लागतात. कार्बन घेतलीच तर कडा पाण्याखाली बारीक पॉलिश पेपरने घासून गोल करा आणि सुपरग्लूची एक बारीक धार फिरवा, आणि घासताना धूळ नाकात जाऊ देऊ नका. दुसरं म्हणजे कार्बनमधून वीज जाते, तिच्या धारदार कडेवर बॅटरीची वायर घासून सोलली गेली तर शॉर्ट, आणि लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या बाबतीत ते परवडणारं नाही.

चेसिस वाकली का हे बघायला आमच्याकडे किचनचा ओटा आहे, ग्रॅनाइटचा, एकदम सपाट. शॉक काढून गाडीची प्लेट त्यावर ठेवायची आणि चारही कोपरे बोटाने टोकायचे. एक कोपरा टकटक वाजला की समजायचं पीळ बसलाय. आधी मागचे पुढचे स्क्रू सैल करून, गाडी सपाट दाबून, परत आवळून बघा, बऱ्याचदा पीळ स्क्रू तिरके आवळल्याने आलेला असतो. ओटा पुसून ठेवा मात्र, घरात शांतता हवी असेल तर.

आता खास आपल्या मुंबईचं. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून पार्ट निवडतो आपण, पण तिथे माती कोरडी आणि समुद्र लांब. आपल्याकडे गोराई, आक्सा, जुहू, रविवारी सकाळी ओहोटीला सपाट ओली वाळू मिळते आणि तिच्यावर गाडी पळवण्यासारखं सुख नाही. पण खारं पाणी, ॲल्युमिनियम आणि स्टीलचा स्क्रू हे तिघं एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ग्रूपमधल्या एकाच्या गाडीचे हब (चाक बसतं ते तुकडे) मी स्वतः खोलायला बसलो होतो, स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी जमलेली, नखाने खरवडली तर पिठासारखी पडत होती, आणि खाली ॲल्युमिनियमला खळगा. ॲलन की घातली तर स्क्रूचं डोकं गोल होऊन गेलं पण स्क्रू हलला नाही. शेवटी लेथवाल्या काकांकडे न्यावं लागलं, त्यांनी ड्रिलने स्क्रू कापून काढला आणि म्हणाले, “बाळा, लावताना जरा ग्रीस लावत जा की.” बरोबर आहे त्यांचं. समुद्राजवळ चालवणार असाल तर ॲल्युमिनियमचे पार्ट मोजकेच, आणि मेटलमधे जाणाऱ्या स्क्रूला एकतर निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारं डिंकासारखं द्रव) नाहीतर ग्रीस, कोरडा स्क्रू घालायचाच नाही. नायलॉनला खारं पाणी काही करत नाही, हे अजून एक कारण.

बारीक वाळू शॉकच्या दांडीला चिकटते आणि दांडी आत जाताना सील कापते. दांडीवर नखाला लागेल अशी उभी रेघ दिसली की ती दांडी बदला, कितीही नव्या ओ-रिंग टाकल्या तरी तिथून ऑइल झिरपणारच. रबरी बूट मिळतात शॉकच्या दांडीवर घालायचे, दिसायला खास नाहीत, पण बीचवर आणि पावसाळ्यात मी त्याशिवाय गाडी काढत नाही. पावसाळ्यात टब चेसिसमधे गाळ साठतो आणि गाडी जड होते, मग स्प्रिंग दबते, मग तळ घासतो. खालून दोनचार छोटी भोकं पाडून ठेवा पाणी जायला, मधल्या भागात नको, तिथे चेसिसला ताण असतो, कोपऱ्यांच्या जवळ. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, ब्रशने झाडून, पंख्याखाली सुकवून बेअरिंगला एकेक थेंब तेल.

बेअरिंग आणि स्क्रूसाठी पार्टवाल्या साइटवर जास्त पैसे घालवू नका. ५ बाय ११ बाय ४ चं बेअरिंग हा साधा औद्योगिक साइज आहे, मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर विचारा, जुनं बेअरिंग सोबत घेऊन जा म्हणजे झालं. दोन्हीकडे रबर सील असलेलं मागा, मेटल शील्डचं आपल्या वाळूला टिकत नाही. एम३ चे ॲलन स्क्रू आणि नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट पण तिथेच डब्याने मिळतात.

सध्या माझं काम अडलंय ते पुढच्या स्किड प्लेटवर. चेसिसच्या नाकाखाली दगड लागून प्लास्टिक झिजत चाललंय, मेटलची पट्टी लावायची नाहीये, वजन अगदी पुढे जातं आणि दगडावर ती अडकते. थ्रीडी प्रिंटवाल्याकडून टीपीयूमधे, म्हणजे त्या रबरासारख्या मटेरियलमधे, करून घ्यायचा विचार आहे, माझा अंदाज ३ मिलीमीटर जाडीचा आहे पण फार जाड झाली तर पुढचा क्लीअरन्स जाईल. कोणी स्लॅशला अशी प्लेट लावून बीचवर आणि दगडात दोन्हीकडे चालवली असेल तर जाडी किती ठेवली आणि स्क्रूची भोकं फाटली का तेवढं सांगा, पाऊस सुरू व्हायच्या आत बसवायची आहे.